हात लागेपर्यंत

हिमेनाने बटाट्याच्या पिठाची गोळी काट्यावर दाबली आणि ती चपटी होऊन दात्यांना चिकटली.

"एवढा जोर कशाला?" आई म्हणाली. "न्योकी वळायच्यात, शिक्के नाही मारायचे."

हिमेनाने गोळी सोडवली. महिन्याची एकोणतीस तारीख म्हणजे पायसांदू गावच्या या घरात रिवाजाने न्योकीचं जेवण, त्यात कुणाची सुटका नव्हती. तशी हिमेनाची कशातूनच सुटका नव्हती. आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात भाऊ विल्मारचा ट्रक ब्राझीलच्या हमरस्त्यावर उलटला आणि तो गेला. आईला धक्का नको, असं डॉक्टर म्हणाले. थोरली बहीण नॅन्सी हिने बातमी आईपासून लपवली, आणि ते वाक्य असं काही धरून ठेवलं, की अख्खा हिवाळा उलटला तरी सोडलं नाही. हिमेना राजधानीतून, माँतेविदेओहून, आईपाशी राहायला आली होती. इथूनच ऑफिसचं काम करायची, आणि रोज तीन वेळा आईसमोर बसून जेवायची. घास गिळताना आपणच आईला फसवतोय याची तिला लाज वाटायची.

काल डॉक्टरांनी आईला ठणठणीत ठरवलं होतं. आज सांगायचं, हिमेनाने मनाशी पक्कं केलं होतं.

"सकाळी फोनवर कुणाशी भांडत होतीस?" आईने विचारलं.

"ऑफिसातलं आहे गं. मशीनच्या मेमरीचं एखादं पान खराब होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यावर कुठल्यातरी प्रोग्रामचं काम चालू असतं."

"मग त्याला दुसरं पान द्या."

"नुसतं झिजलेलं असलं तर देतोच. मजकूर नव्या पानावर उतरवायचा, जुनं बाद करायचं. काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण मजकूरच नासला असेल तर उतरवणार काय? मग कर्नेलला ठरवावं लागतं."

"कर्नल? या देशावर कर्नलांनी राज्य केलं तेवढं पुरे झालं."

"कर्नेल गं. मशीनचा सगळा कारभार बघणारा."

"तेही हेच म्हणायचे."

भांडी मांडत असलेली नॅन्सी हसली. हिमेनालाही हसू आलं, मग ते आटलं.

"ते पान ज्याच्या ज्याच्याकडे आहे, त्या सगळ्यांना लगेच सांगता येतं," ती म्हणाली. "पण सांगितलं की बहुतेक जण तिथल्या तिथे मरतात. बंद पडतात म्हणजे. नाहीतर गप्प बसायचं. ज्याचा हात त्या पानाला लागेल, तेवढाच मरेल."

"आणि हात लागलाच नाही तर?"

"तर चालू राहतो. त्याला काही कळतच नाही."

"जेवायच्या वेळी कसले विषय काढतेस," नॅन्सी म्हणाली. तिच्या हातातली ताटली टेबलावर जरा जोरात टेकली.

आईचा काटा थांबला नव्हता. एकामागून एक न्योकी पिठावर पडत होती.

"कळत नाही, हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "वळसा घालून जात असेल बिचारा. जा, चहाचा तुंबा काढ. माझा हं."

हिमेना फडताळापाशी गेली. घरात प्रत्येकाचा चहा प्यायचा भोपळ्याचा तुंबा वेगळा होता. आईच्या घरात धुळीला थारा नसे. ऑपरेशननंतरही फडकं रोज फिरायचं. फळी लखलखत होती. फक्त कोपऱ्यात विल्मारचा तुंबा होता, आणि त्याच्याभोवती हातभर जागेत दाट धूळ साचली होती. फडकं तिथवर येऊन वळल्याची रेघ स्पष्ट दिसत होती. मग तिला आठवलं, सगळ्या हिवाळ्यात आईने विल्मारचं नाव एकदाही काढलं नव्हतं. पूर्वी त्याच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय तिचा दिवस सरत नसे.

ती आईचा तुंबा घेऊन परतली. तिघी जेवायला बसल्या.

"काल विल्मारचा फोन आला होता," नॅन्सी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. तिचा आवाज चिरकला. "बरा आहे म्हणाला. रेंज नसते तिकडे."

"हो का," आई म्हणाली. तिने पळी भरून आधी नॅन्सीला वाढलं, मग आणखी एक पळी. "तू जेव गं. किती वाळलीस."

नॅन्सीने मान खाली घातली आणि खाऊ लागली. तिचे डोळे सुजलेले होते, गाल बसले होते. हिमेनाला तिची कीव आली, पण आता पुरे झालं होतं. तिने काटा खाली ठेवला.

"नॅन्सी, ऐक. आईला सगळं माहीत—"

टेबलाखाली आईचा हात तिच्या मनगटावर आला. तो पिठाने अजून कोरडा होता, आणि त्याची पकड ऑपरेशन झालेल्या बाईची नव्हती. आई तिच्याकडे पाहत नव्हती. ती नॅन्सीकडे पाहत होती.

"जेव," आई म्हणाली. "गार होतंय."

हिमेनाने डाव्या हाताने काटा उचलला. उजवा आईने जेवण होईपर्यंत सोडला नाही.