बॉनेटमधल्या सुलभाताई

नेर्लेकरांनी गाडीच्या बॉनेटवर पॉलिशचा दुसरा हात फिरवला आणि त्यांच्या बायको सुलभाताई त्या चकाकीत आत गेल्या. चहाचा कप कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून त्या बॉनेटमध्ये बघून टिकली सरळ करायला वाकल्या होत्या. वाकल्या त्या तिथेच राहिल्या, गाडीच्या मरून रंगात, कमरेपर्यंत.

"आत गेलीस तू," नेर्लेकर म्हणाले.

"कळलं मला. चहा गार होतोय."

नेर्लेकर चहा प्यायले. साखर बरोबर होती.

आता नेर्लेकरांचं गाडीवरचं प्रेम सगळ्या कॉलनीला ठाऊक. दर रविवारी धुणार, पुसणार, चमकवणार, आणि ऊन नको, धूळ नको म्हणून पोर्चमधून हलवणार नाहीत. सुलभाताई माहेरी जायच्या त्या एसटीने.

"वहिनींना गाडीत बसायला मिळालं एकदाचं," शेजारचे पाटणे कुंपणावरून म्हणाले. "शोभताय हं वहिनी."

दुपारी वारा सुटला. बॉनेटवर धूळ बसली तशा सुलभाताई पुसट झाल्या, आवाजही विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. नेर्लेकरांनी फडकं मारलं. त्या पुन्हा लख्ख दिसू लागल्या. म्हणजे प्रकरण सरळ होतं: हात थांबला की बायको गेली. ते घासत राहिले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मीठ कुठे ठेवतेस?"

"ओट्याखाली. लग्न झाल्यापासून तिथेच आहे."

"बरं."

"आणि हातात काय आहे हो तुमच्या?"

"फडकं."

"ती माझी निळी इरकली आहे."

"जुनी झाली होती."

"फाटली नव्हती," सुलभाताई म्हणाल्या, आणि विषय तिथेच राहिला.

सकाळी पाटणे पुन्हा आले. "नेर्लेकर, जरा जपून. इतकं घासलं की रंग निघतो, खालचा प्रायमर दिसायला लागतो."

तो दिसतच होता. सुलभाताईंचा डावा खांदा होता तिथे राखाडी डाग पडला होता, आणि खांदा नव्हता. पुसलं नाही तर धूळ, पुसलं तर राखाडी. नेर्लेकर तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसे हलक्या हाताने पुसू लागले. तरी राखाडी गळ्यापाशी आलं.

"गाडी एकदा बाहेर काढा ना," सुलभाताई म्हणाल्या. "आहे मी तोवर. माझ्या माहेरी जाऊन येऊ."

"रस्त्यावर धूळ फार आहे."

"हो, ते आहेच."

त्यांनी डोळे बारीक करून बाहेर पाहिलं. "अहो, तुम्हीच नीट दिसत नाही मला. किती धूळ बसलीय तुमच्यावर! हलू नका."

उरलेल्या हाताला पदर गुंडाळून त्या आतून पुसू लागल्या. पहिल्याच फेऱ्यात नेर्लेकरांचा खांदा निघाला. खाली राखाडी होतं.