आम्हा सगळ्यांना कळतंय

खारूने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाची. समोर पाहुण्या संघाची कप्तान, लांब वेणीची एक उंच मुलगी, हात पुढे करून उभी होती. “तुझं नाव काय?” असं तिने फ्रेंचमध्ये विचारलं होतं. उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, या वेळी एकेक शब्द सुटा करून, लहान बाळाशी बोलावं तसं. खारूच्या मागे उभ्या असलेल्या तिच्या संघातल्या मुलीही आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या.

वेणीवाली हसली. खारूचा हात तिने स्वतःच उचलून हलवला आणि आपल्या मुलींकडे वळून म्हणाली, “यांना येत नाही.”

फ्रेंचच्या बाई तीन पावलांवर होत्या. ते वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी उगीचच ओढणी सारखी केली.

दोन वर्षं त्यांनी या मुलींना फ्रेंच शिकवलं होतं, आणि तेही मैदानावर. आकडे दोरीवरच्या उड्यांनी, डावं-उजवं हँडबॉलच्या पासने, क्रियापदं पकडापकडीत. चुकलं की बाद, बरोबर आलं की जीवदान. पावसाळ्यात मोज्यांच्या बाहुल्या करून नाटकं, टाळ्यांवरची गाणी. मुली घामाघूम होऊन घरी जायच्या आणि आया विचारायच्या, हा भाषेचा तास होता की कवायतीचा? मुख्याध्यापिकांचा प्रश्न जास्त सरळ होता. लेखी परीक्षेचे पेपर पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, “खेळ छान आहेत हो. पण यात फ्रेंच कुठंय?”

आणि आता सामना खेळायला परदेशातून फ्रेंच बोलणाऱ्या मुलींचा अख्खा संघ दारात येऊन उभा होता, आणि बाईंच्या एकाही मुलीच्या तोंडून स्वतःचं नाव निघत नव्हतं.

“असू द्या,” हँडबॉलचे सर शेजारी येऊन म्हणाले. गळ्यातली शिट्टी कधीच काढत नसल्यामुळे मुली त्यांना शिट्टीसर म्हणत. “गोल काही फ्रेंचमध्ये मोजत नाहीत.”

त्यांनी धीर द्यायलाच म्हटलं होतं बहुधा. बाईंना ते झोंबलं.

सामना सुरू झाला तेव्हा बाई बाकाच्या टोकाला पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसल्या. पहिली पाच मिनिटं त्यांनी खाली मान घालूनच काढली. मग कोणीतरी ओरडलं, “आ गोश!” डावीकडे. वेणीवालीचाच आवाज असणार, म्हणून त्यांनी वर पाहिलंही नाही. पण लगेच दुसऱ्या आवाजात, “पास! पास! दरिएर तुआ!” तुझ्या मागे! तो आवाज खारूचा होता.

बाईंनी मान वर केली. खारू, नऊ नंबरची, सगळ्यांत बुटकी, दोन धिप्पाड मुलींच्या मधून सटकली होती आणि धावता धावता ओरडत होती. तिला उत्तर देत होती गोलकीपर. तीही फ्रेंचमध्येच. कुणी ठरवलं नव्हतं. चेंडू हातात आला की या मुलींना तीच भाषा सुचत होती, कारण चेंडूबरोबर ती त्यांच्या अंगात गेली होती. गोंगाटात पाहुण्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. आपल्याच कुणाचा आवाज असेल, असं त्यांना वाटत असावं.

उत्तरार्धात कुंपणापाशी खारूचे वडील येऊन उभे राहिले. ते लिफ्टदुरुस्तीचं काम करत. कामावरून थेट आले होते, खिशातून पाना डोकावत होता. “ती नऊ नंबरची माझी,” असं त्यांनी डावीकडच्याला सांगितलं, मग उजवीकडच्यालाही.

शेवटचे पंचवीस सेकंद उरले तेव्हा दोन्हीकडे चौदा-चौदा गोल होते आणि चेंडू पाहुण्यांकडे होता. त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी टाइम-आउट घेतला.

मैदान लहान, बाकं जवळजवळ. पाहुण्या मुलींनी घोळका केला आणि त्यांच्या प्रशिक्षक बाई मोठ्याने, काही न लपवता सांगायला लागल्या. लपवायचं कुणापासून? यांना फ्रेंच येत नाही, हे सकाळी सगळ्यांनी पाहिलंच होतं. वेणीवालीने डावीकडून उडी घ्यायची, सगळ्या तिच्यावर धावून जातील, मग चेंडू पाठीमागून उजव्या कोपऱ्यात.

शिट्टीसर बाईंच्या कानाशी वाकले.

“काय ठरवतायत? सांगा पटकन.”

बाईंनी तोंड उघडलं. खारू टॉवेलने मान पुसत त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिनेही शब्द न् शब्द ऐकलाय.

“नीट ऐकू येत नाहीये,” बाई म्हणाल्या.

सरांनी कपाळाला हात लावला. पंचांनी शिट्टी वाजवली, मुली मैदानात जायला निघाल्या. खारू दोन पावलं चालली, थांबली, आणि पाहुण्यांच्या घोळक्याकडे वळली. सकाळी जिच्या घशातून नाव निघत नव्हतं, ती खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली,

“ऐका. आम्हा सगळ्यांना कळतंय.”

घोळक्यातल्या सगळ्या माना वळल्या.

तिला म्हणायचं असणार, ‘आम्हाला सगळं कळतंय.’ फ्रेंचमध्ये या दोन वाक्यांत शेवटच्या एका उच्चाराचा फरक. ही चूक बाईंनी तिच्या वहीत कितीतरी वेळा लाल शाईने सुधारली होती. आज त्यांच्या मनात आलं, ही चूक आहे की पोरीने नेमकं बोलून दाखवलंय? सगळ्यांना. म्हणजे बाकाच्या टोकाला बसलेल्यांनासुद्धा. त्यांचे कान तापले, आणि त्याच वेळी छाती भरून आली. दोन्ही एकदमच झालं.

पाहुण्यांच्या प्रशिक्षक बाई खो खो हसल्या. घाईघाईने चार शब्द कुजबुजल्या. डाव बदलला. वेणीवालीने उजवीकडून उसळी घेतली आणि गोलकीपरचा हात पोचायच्या आत चेंडू जाळीत गेला.

पंधरा-चौदा. सामना संपला.

सर खारूसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शिट्टी मुठीत घट्ट धरली होती.

“तुला त्यांचा डाव कळला होता?”

“हो सर.”

“मग आपल्या मुलींना सांगायचं सोडून त्यांना सांगितलंस?”

“त्यांना माहीतच नव्हतं ना सर, आपल्याला येतं ते.” खारू नाक ओढत म्हणाली. हरल्याचं तिलाही लागलं होतं. “सकाळी मीच गप्प राहिले. म्हणजे माझ्यामुळेच त्या मोठ्याने बोलत होत्या.”

तेवढ्यात वेणीवाली धावत आली आणि खारूला तिने खांद्यांना धरून गदागदा हलवलं. “येतं तुम्हाला! येतं! मग सकाळी काय झालं होतं?” खारूने सांगायला सुरुवात केली. अडखळली, हातवारे केले, पुढे गेली. बाकीच्या मुली जमल्या. कोणी गोल पुन्हा करून दाखवत होती, कोणी गुडघ्याचं खरचटलेलं. बोलणं अर्धं तोंडाने, अर्धं हातापायांनी चाललं होतं, आणि थांबत नव्हतं.

सर बाईंच्या शेजारी येऊन बसले.

“तुम्हालाही ऐकू आलं होतं.”

“हो.”

“मग?”

“तुम्ही विचारलंत तेव्हा ती माझ्याकडे बघत होती,” बाई म्हणाल्या. “चोरून ऐकलेलं सांगवेना, आणि तिच्यासारखं उठून त्यांनाही सांगता आलं नाही. खोटं बोलून मोकळी झाले.”

सरांनी समोरच्या गलक्याकडे पाहिलं. मग शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली.

“छान खेळलात, हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात?”

बाईंनी सांगितलं. सरांनी ते ओठांत चारदा घोळवलं आणि पाहुण्यांकडे जाऊन म्हटलं. दोन्ही संघांतल्या मुली एकदमच हसल्या आणि खारूने त्यांचा उच्चार सुधारला. सरांनी निमूटपणे पुन्हा म्हटलं.

कुंपणापाशी खारूचे वडील वाट बघत होते. बाई जवळ येताच त्यांनी पान्याचा खिसा उगीच हाताने झाकला.

“बाई, शेवटी ती त्यांच्याकडे वळून काय बोलली? मघापासून विचार करतोय. भांडली का?”

बाईंनी सगळं सांगितलं. डाव काय होता, खारू काय म्हणाली, आणि त्यानंतर काय झालं.

“म्हणजे आपण हरलो ते हिच्यामुळे.”

“हो.”

वडिलांनी मान हलवली. डावीकडचा माणूस अजून तिथेच होता. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, “हरलो ते माझ्या पोरीमुळे बरं का.” आणि त्याला काही कळायच्या आत त्यांचा चेहरा असा काही उजळला की तो माणूसही हसला.

मैदान रिकामं होत आलं होतं. बाई बाटल्या गोळा करत होत्या. खारू धापा टाकत आली आणि फ्रेंचमध्ये सुरू झाली. तो शेवटचा गोल काय जबरदस्त होता, मादाम, थेट लुकार्नमध्ये!

“कशात?” बाई थांबल्या. “लुकार्न म्हणजे छपरातली लहान खिडकी. माळ्यावर असते ती. तुला दुसरा शब्द म्हणायचाय.”

“नाही मादाम. लुकार्नच.” खारूने टाचा उंचावून हवेत गोलाचा वरचा कोपरा दाखवला, खांब आणि आडवी पट्टी मिळतात तिथला. “चेंडू इथे गेला ना, की असंच म्हणतात. ती म्हणाली. तिकडे सगळे म्हणतात.”

मग ती जराशी गोंधळली. बाई आपली परीक्षा घेतायत की काय, असं वाटून तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी हातातल्या बाटल्या बाकावर ठेवल्या, ओढणीने घाम पुसला आणि तिच्या उंचीला येण्यासाठी खाली बसल्या. “पुन्हा सांग बघू. जरा सावकाश.”