सेकंदाला चार चित्रं

एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. खिळा घ्यायचा असो की क्रेन, तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, तक्ता करायचा आणि सगळ्यांत कमी दर असेल त्याच्यापुढे खूण करायची. या कामानं माणूस हुशार होत नाही, पण आपण हुशार आहोत असं त्याला वाटायला लागतं. बायको म्हणते, तुम्हाला देव भेटला तर वर मागायच्या आधी आणखी दोन देवांचे दर विचाराल. त्यात खोटं काही नाही.

आमच्या इमारतीत एका महिन्यात दोन घरं फुटली आणि मी कॅमेरे बसवायचं ठरवलं. आम्ही दोघं सकाळी नऊला कामावर जातो. घरी आई असते. दीड वर्षापूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं अडकलं. डोकं मात्र लख्ख आहे. फक्त एक वाक्य बोलायला तिला दोन-तीन मिनिटं लागतात. तिच्याजवळ दिवसभर एक बाई असायच्या, आजारी माणसांसाठी बायका पाठवणाऱ्या एका संस्थेतून आलेल्या. वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान, पण घरात आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

कॅमेरे निवडणं सोपं गेलं. घोडं अडलं रेकॉर्डरपाशी. रेकॉर्डर म्हणजे टीव्हीखाली ठेवायची चपटी पेटी. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी तिच्यात जातात आणि चित्रण आतल्या डिस्कवर साठत राहतं. दुकानदारानं तीन पेट्या पुढ्यात मांडल्या. वरच्या दोन आवाजही घेत होत्या. सगळ्यांत स्वस्त होती ती मुकी.

“आवाज कशाला?” मी म्हणालो. “चोर काय गाणी म्हणत येणार आहे?” आणि माझ्याच विनोदावर हसलो. दुकानदार हसला नाही. त्यानं शांतपणे समजावलं की या लहान पेटीची ताकद चार कॅमेऱ्यांत वाटली जाते, चित्र पूर्ण स्पष्ट ठेवलं तर हालचाल तुटक दिसेल. शिवाय मला महिनाभराचं चित्रण हवं होतं आणि डिस्क मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधली काढून आणली होती. तो म्हणाला, मग चित्रांची संख्या कमी करावी लागेल. केली. सेकंदाला पंचवीस चित्रं येतात तिथे मी चार ठेवली. चोराचा चेहरा दिसल्याशी कारण, तो चालतो कसा याच्याशी मला काय करायचं होतं? दोन दिवस ऑफिसात ज्याला त्याला सांगत होतो की कसं स्वस्तात मस्त काम केलं.

चोर काही आला नाही. पण मला नाद लागला. संध्याकाळी चहा घेत मी दिवसभराचं चित्रण आठपट वेगानं पळवायचो. टीव्हीवर चार चौकोन: दार, मागची गॅलरी, बैठकीची खोली आणि आईची खोली. पहिल्या तिन्हींत काहीच घडत नसे, म्हणून मी चौथा बघायचो. आईच्या खोलीत जाऊन बसायला मला वेळ नव्हता, आईची खोली टीव्हीवर बघायला होता. हे आज लिहितानाही कानशिलं तापतात.

आठपट वेगात इतके दिवस नजरेतून निसटलेलं ते एका मंगळवारी मला दिसलं. ताईंनी आईला पलंगाच्या कडेला पुढे वाकवून बसवलं होतं. त्यांचा हात वर गेला आणि पुढच्या चित्रात तो आईच्या पाठीवर होता. पुन्हा वर, पुन्हा पाठीवर. आईचा देह दर वेळी हादरत होता. डोळे घट्ट मिटलेले, आणि तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी वेग कमी करून पाहिलं, मागे नेऊन पाहिलं. आई गयावया करत होती आणि ही बाई तिला बडवत होती. दुपारचंही पाहिलं, पुन्हा तेच. माझ्या हातातला कप खाली कसा ठेवला गेला, आठवत नाही.

पेन ड्राइव्हवर ती फाईल उतरेना, म्हणून मी टीव्हीसमोर फोन धरून चाळीस सेकंदांचं शूटिंग केलं. भावंडांच्या ग्रुपवर टाकलं, इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, संस्थेला पाठवलं. खाली लिहिलं, ‘अशा बायकांपासून सावध राहा.’ बायको म्हणाली, जरा थांबा, आधी त्यांना विचारू. मी म्हणालो, हातच्या काकणाला आरसा कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आल्या तेव्हा मी त्यांना दारातच अडवलं. जिन्यावर शेजारपाजारचे चार जण उभे होते, मुद्दाम थांबलेले. मी जे बोललो ते लिहीत नाही. त्या पांढऱ्याफटक पडल्या. एवढंच म्हणाल्या, “साहेब, ते पाठ थोपटणं आहे. व्यायामाच्या डॉक्टरबाईंना विचारा.” मी फोन त्यांच्या तोंडासमोर नाचवला आणि म्हणालो की हा पुरावा आहे, यात डॉक्टर कशाला आणता. आतून आईचा आवाज येत होता, “ना… ना…” असा. मी आत जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, “घाबरू नकोस, गेली ती.” आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, सुटकेचं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

नवी बाई मिळेपर्यंत बायकोनं रजा काढली. दहाव्या दिवशी आईची छाती भरली. श्वास घेताना घरघर ऐकू यायला लागली. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी छातीला तपासायची नळी लावली आणि मागे न वळताच विचारलं, “थोपटणं बंद केलंत का?”

त्यांनी आईला पलंगाच्या कडेला पुढे वाकवून बसवलं. हात वर गेला, पाठीवर आला. ठप, ठप, ठप. पोकळसा आवाज होता. तो मारल्याचा आवाज नाही हे लहान मूलही सांगेल. आणि आई डोळे घट्ट मिटून म्हणत होती, “ए…क. दो…न. ती…न.” डॉक्टरबाई म्हणाल्या की कफ सुटायला दिवसातून तीन वेळा हे करायचं त्यांनीच ताईंना शिकवलं होतं, आणि मोजायला लावायचं म्हणजे बोलण्याचाही सराव होतो. ताईंनी तिला चाळीसपर्यंत आणलं होतं. “तुम्हाला सांगितलं असेल ना त्यांनी?”

सांगितलं होतं. मला तेव्हा लख्ख आठवलं. महिन्यापूर्वी घरी जायच्या आधी चपला घालता घालता त्या म्हणाल्या होत्या, आजपासून आईंची पाठ थोपटायला सांगितली आहे. माझ्या समोर कसलीशी कोटेशनं होती. मान वर न करता मी म्हणालो होतो, हो हो, करा.

लाज म्हणजे काय ते मला पन्नाशीनंतर कळलं. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात, पण धरणी घेत नाही. डॉक्टरबाईंना दारापर्यंत पोचवावं लागतं, लिफ्टचं बटण दाबावं लागतं, जिन्यात शेजारी भेटतो आणि विचारतो, “त्या बाईचं पुढे काय झालं हो? चांगली खोड मोडलीत.” मी मान डोलावली. त्या क्षणीही मी खरं सांगितलं नाही. हेही इथे लिहून ठेवतो.

संस्थेत फोन केला. ताईंचं नाव यादीतून काढल्याचं तिथल्या बाईंनी अभिमानानं सांगितलं आणि इतर संस्थांनाही कळवल्याचं सांगितलं. मी म्हणालो की चूक झाली, माझी झाली. मग त्या म्हणाल्या की व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे, आता कोणाकोणाला सांगत बसणार.

ताई मला एका मोठ्या धुलाईकेंद्रात सापडल्या. हॉटेलांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री होऊन जातात. वाफेनं भरलेल्या लांबलचक खोलीत त्या दुसऱ्या एका बाईबरोबर चादरीची टोकं जुळवत होत्या. मला बघून हातातली घडी त्यांनी पूर्ण केली, मग बाहेर आल्या. मी हात जोडले. माफी मागताना मी कॅमेरा, रेकॉर्डर, तुटक चित्र, नसलेला आवाज असं काहीतरी सांगायला लागलो. स्वतःची चूक मी एका पेटीच्या गळ्यात बांधत होतो, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं आणि मी थांबलो.

त्या म्हणाल्या, “माझ्या मुलीच्या वर्गात कोणीतरी तो व्हिडिओ दाखवला. घरी येऊन तिनं मला विचारलं, आई, तू त्या आजींना का मारलंस?”

“तिनं निदान विचारलं तरी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आईंना का नाही विचारलंत? त्या तर घरातच होत्या.”

याचं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेना. आईचं एक वाक्य ऐकायला तीन मिनिटं लागतात, आणि मला तेवढा धीर नव्हता. एवढंच. मी विषय बदलला, म्हणालो की जिथे जिथे पाठवलं तिथे तिथे मी माफी लिहितो, आजच लिहितो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“तुम्ही लिहू नका. लोक म्हणतील, बाईनं येऊन पाय धरले असतील. आईंना बोलू द्या.”

एवढं म्हणून त्या आत गेल्या. कामाची वेळ होती.

रविवारी सकाळी मी आईला उशांना टेकवून बसवलं, खिडकी उघडली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. सगळं सांगितलं. व्हिडिओ कुठे कुठे गेला तेही सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की अशीच बघायची, मारायची कधीच नाही. मग तिनं डाव्या हातानं खूण केली, फोन धर म्हणून. मी धरला.

एकेक अक्षर येत होतं. मध्ये शब्द हरवायचा, ती डोळे मिटून शोधायची, सापडला की पुढे जायची. दोनदा माझ्या ओठांवर तिचा शब्द आला होता. मी तो गिळला. ती बोलली ती दोनच वाक्यं, आणि त्यांना पाच मिनिटं लागली.

“त्या मुलीनं मला मारलं नाही. माझ्या मुलानं मला विचारलं नाही.”

मी बाहेरच्या खोलीत येऊन ते पुन्हा ऐकलं. फोनवर व्हिडिओ कापायची सोय असते. पहिल्या वाक्यानं ताईंचं नाव स्वच्छ होत होतं, दुसऱ्याची काही गरज नव्हती. असं मी स्वतःला सांगितलं, आणि माझं बोट त्या कात्रीच्या खुणेवर गेलं. गेलं, हे कबूल करतो. तेवढ्यात बायको शेजारी येऊन उभी राहिली. मी बोट काढलं आणि तो होता तसा पाठवला. भावंडांना, इमारतीत, संस्थेला. खाली फक्त लिहिलं, ‘शेवटपर्यंत ऐका.’ आणि ताईंनाही पाठवला.

इमारतीच्या ग्रुपवर दिवसभर शांतता होती. धाकट्या बहिणीनं फोन करून मला नाही नाही ते सुनावलं, आणि ते ऐकताना मला बरं वाटलं. संस्थेचा निरोप आला की विचार करून कळवतो.

ताईंचं उत्तर दुपारी आलं. मी ते उघडायच्या आधी दोनदा फोन खाली ठेवला. त्यात लिहिलं होतं, ‘ऐकलं. आईंच्या छातीत अजून घरघर आहे. थोपटताना तुम्ही हात सपाट ठेवत असाल. वाटीसारखा धरा, म्हणजे त्यांना लागणार नाही.’

पुढे माफीबिफीचं काही नव्हतं. थोपटायचं काम गेले चार दिवस मी बायकोकडून घेतलं होतं; हात सपाटच ठेवत होतो आणि आई काही न बोलता सोसत होती. मी आत गेलो, तिला पलंगाच्या कडेला पुढे वाकवून बसवलं आणि विचारलं, “आई, माझा हात लागतो का गं तुला?” मग ती उत्तर देईपर्यंत थांबलो.