बेचाळीस नंबर मऊ

तिने सुई एकतिसाव्या पेशीवर आणली आणि श्वास धरला. श्वास धरायची खरं तर गरज नव्हती. यंत्र जड दगडी लादीवर होतं, लादी रबरी दोऱ्यांनी छताला टांगलेली होती, आणि तळघरातल्या त्या खोलीचं दार लागलं की बाहेरून ट्रक गेला तरी आत काही हलत नसे. पण सहा वर्षांची सवय, ती काय जाते! सुई म्हणजे शिवणाची सुई नव्हे. केसाहून पातळ पट्टी, तिच्या खाली नुसत्या डोळ्यांना न दिसणारं टोक, आणि पट्टीच्या पाठीवर लाल उजेडाचा ठिपका. टोक पेशीला टेकलं की पट्टी वाकायची, ठिपका सरकायचा आणि पडद्यावर एक रेघ वर चढायची. पेशी कडक असली की रेघ उभी चढे. मऊ असली की रमतगमत.

ही रेघ रमतगमत चढली.

त्या मापाच्या जगात वजनाला काही किंमत नसते. तिथे काही पडत नाही. तरंगतं, चिकटतं, ओढलं जातं. पाणी मधासारखं दाट लागतं. अंगाइतक्या उबदार पाण्यात पेशी हातपाय पसरून बसलेल्या असत, आणि पाहत राहिलं तर एखादी इतक्या हळू कूस बदले की ती हलली की आपलीच पापणी हलली ते कळू नये. तासभर त्यांच्याकडे पाहिलं की तिला स्वतःच्या खुर्चीचा विसर पडायचा. आपण तिथेच आहोत, अनवाणी आहोत, आणि पावलाखालची जमीन हळूच दबून हळूच वर येतेय असं वाटायचं. एकदा ती अशीच बसलेली असताना सरांनी मागून दिवा लावला होता, तेव्हा ती किंचाळली होती. प्रयोगशाळेत तो विनोद अजून चालू होता.

आज मात्र तिला खुर्चीचा विसर पडत नव्हता. बत्तीस, तेहेतीस, चौतीस. निरोगी पेशीचा आकडा दोनच्या आसपास येतो. सकाळी एक्केचाळीस आणि त्रेचाळीस नंबरच्या नमुन्यांचा तसाच आला होता. बेचाळीसचा अर्ध्यावर रेंगाळत होता. कॅन्सरची गाठ डॉक्टरांच्या बोटाला टणक लागते, पण तिच्यातली आजारी पेशी एकेकटी तपासली तर निरोगीपेक्षा मऊ निघते. तिने आतली चौकट सैल केलेली असते. अरुंद फटींतून अंग चोरून दुसरीकडे जायचं असतं ना तिला.

साठाव्या पेशीपर्यंत तिने काम संपवलं. मग हातमोजे काढले आणि तिथेच बसून राहिली.

कारण सोमवारी सासूबाईंच्या छातीतल्या गाठीत डॉक्टरांनी सुई घातली होती. उरलेल्या पेशी संशोधनाला द्यायला हरकत नाही ना, असं विचारल्यावर सासूबाईंनी हौसेने सही ठोकली होती. घरी येऊन म्हणाल्या होत्या, "माझं उरलंसुरलं तुझ्याच टेबलावर येणार बघ. नीट टोच हो. तिघी होतो आम्ही आज, मी मधली."

नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं नसतात, नुसते नंबर. एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. आणि मधली. सरांना सांगून ते तीन नमुने दुसऱ्या कुणाला द्यायला हवे होते, हे तिला कळत होतं. तरी तोंडात मूग गिळून तिने ते स्वतःच घेतले.

चार वाजता ती घरी आली.

सासूबाईंचं पस्तीस वर्षं गाद्या-उशांचं दुकान होतं. दुकान बंद झालं तेव्हा उरलेल्या सगळ्या उशा घरात आल्या, त्यामुळे त्या घरात बसायचं म्हणजे आधी दोन-तीन उशा उचलाव्या लागत. मऊ हा त्यांच्या तोंडचा सगळ्यात मोठा शब्द. पाव मऊ, माणूस मऊ, अमकीचा आवाज मऊ. सुनेला त्या 'टोचणी' म्हणत, कामावरूनही आणि जिभेवरूनही. मुलगा जहाजावर इंजिनिअर. वर्षातले आठ महिने समुद्रावर. तेव्हा घरात या दोघी आणि त्यांची भांडणं. भांडणं म्हणजे काय, तर चष्मा, खिडकी, रेडिओचा आवाज. शेजारीण सुरुवातीला मध्ये पडायची. आता ती खिडकीत बसून ऐकते.

तिने चहा केला. साखर विचारली नाही, दोन चमचे घातली. सासूबाईंच्या पाठीला एक उशी लावली, मग दुसरी. रेडिओ मोठ्याने चालला होता. त्याला ती काही बोलली नाही.

सासूबाईंनीच तो बंद केला.

"किती आलं?"

"काय किती?"

"तुझ्या त्या रेघेचं. मी काय दूधखुळी आहे? सकाळी चष्म्यावरून माझ्यावर तोंड टाकून गेलीस. आणि आता आल्यापासून उशा काय लावतेयस, दोन चमचे साखर काय घालतेयस. बोल."

तिने कपाची कड अंगठ्याने पुसली.

"मऊ," ती म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मऊ? मग! मला वाटलंच होतं. आमच्या घरात सगळेच..."

पुढचं वाक्य त्यांनी सुनेचा चेहरा पाहून सोडून दिलं.

"म्हणजे तुमच्याकडे मऊ वाईट?"

"आमच्याकडे वाईट."

"कसला गं तुमचा धंदा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला, मांडीवरची उशी उचलली आणि तळव्याने दाबून पाहिली. ती वर येईपर्यंत वाट पाहिली. मग पुन्हा दाबली.

"आई, हे अजून नुसतं संशोधन आहे. यावरून कुणी रोग ठरवत नाही. खरं काय ते डॉक्टर गुरुवारी सांगतील."

"पण तुला खरं वाटतंय."

तिने सासूबाईंचा कप उचलला.

"त्याला कळवायचं नाही हं. तिकडे समुद्रात बसून तो करणार काय? मासे रडवेल नुसते."

मधला बुधवार फार सावकाश गेला. तिने रजा घेतली. दुपारी सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि ती शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. पडद्यातून आलेला उजेड भिंतीवर पाण्यासारखा हलत होता. तिचा डोळा लागला असावा. ती कुठल्याशा फिकट, उबदार मैदानावरून चालत होती आणि जमीन पावलागणिक दबत होती. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. घाबरून तिने हाक मारली, आणि ती हाक ना स्वतःच्या आईला होती ना सासूला, नुसतीच आई. जमीन थांबली. मग सावकाश, काही घाई नसल्यासारखी, तिला उचलत वर आली. तिला जाग आली तेव्हा सासूबाई कुशीवर होऊन तिच्याकडेच पाहत होत्या.

"उशी विकत घेशील तेव्हा बोटाने नको दाबूस," त्या म्हणाल्या. "तळव्याने दाब. बोट खोटं बोलतं."

"मी कशाला उशी घेऊ? घरात एकोणीस आहेत."

"त्या काय जन्मभर पुरणार आहेत?"

यांच्याशिवाय या घरात मी कुणाशी भांडू, असं तिला वाटलं. तिला भीती वाटत होती, आणि ती आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिने सासूबाईंच्या पायाशी डोकं टेकवलं आणि मनसोक्त रडून घेतलं. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? ऊठ. त्या चादरीला मी आत्ताच इस्त्री केली होती."

गुरुवारी त्या हॉस्पिटलात वेळेच्या आधीच पोचल्या. बाकावर कुणी नव्हतं. पहिली हाक त्यांनाच आली.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, म्हणजे तिला तरी तसं वाटलं. "साधी गाठ आहे," ते म्हणाले. "काढायचीही गरज नाही. वर्षाने दाखवायला या."

"नक्की?" तिने विचारलं. "तुम्ही पेशी नीट बघितल्यात?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. सासूबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

बाहेर आल्यावर मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात ती गपकन थांबली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. नमुने प्रयोगशाळेकडे निघायच्या आधी हॉस्पिटलातली मदतनीस चिठ्ठ्या काढून त्यांचा क्रम मोडते. कुठला नमुना कुणाचा हे कुणाला ओळखता येऊ नये, म्हणून. दोन वर्षांपूर्वी बैठकीत सरांशी हुज्जत घालून हा नियम कुणी करून घेतला होता? तिनेच.

"म्हणजे मधली म्हणजे मधली नव्हेच," ती म्हणाली.

सासूबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "नियम तूच केलास आणि तूच विसरलीस? अगं सटवे, दोन दिवस जिवंतपणी मला मारून ठेवलंस की! रात्रीतून दागिन्यांच्या वाटण्या करून बसले मी!"

दोघींना हसू आवरेना. येणारेजाणारे बघत होते. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि पायांना जमीन लागत नव्हती. समोरच्या दुकानात आइस्क्रीम खायचं ठरलं. दोन-दोन गोळे. डॉक्टरांनी नाही म्हटलंय का? नाही ना? मग!

पायरीवर सासूबाई थांबल्या.

"मग ती कोण गं?"

"कोण?"

"मऊवाली."

त्या साठ पेशी तिने एकेक करून दाबल्या होत्या, त्यांच्यासाठी दोन दिवस रडली होती. आणि आता त्या आपल्या माणसाच्या नाहीत कळल्याबरोबर तिने त्या कुणाच्याच नाहीत असं धरून टाकलं होतं. तिची तिलाच लाज वाटली.

"माहीत नाही, आई. माहीत होऊ नये म्हणूनच तर..."

"पण सोमवारी आम्ही तिघीच होतो."

"हो."

"आणि माझी नाही."

सासूबाई वळल्या आणि बोळातून परत आत चालू लागल्या. ती मागे धावली. प्रतीक्षालयाच्या दारात तिने त्यांचा दंड धरला.

"आई, काही सांगता येणार नाही हं त्यांना. एक अक्षरही नाही. आमचा आकडा चुकू शकतो."

"मी कुठं सांगतेय? आणि कुणाला सांगू, मला तरी कुठं माहितीय?"

बाकावर आता सोमवारच्या त्या दोघी बसल्या होत्या. एक पन्नाशीची, बसचालकाचा गणवेश घातलेली. टोपी गुडघ्यावर ठेवून ती तिची कड पिरगाळत होती. दुसरी कोवळ्या वयाची. तिच्या हातातल्या पुस्तकाचं पान उलटत नव्हतं. दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती.

सासूबाईंनी रिपोर्टाची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती सुनेच्या पर्समध्ये कोंबली. मग जाऊन त्या जागेत बसल्या.

"आलात?" बसचालक बाईंनी विचारलं. "तुमचं काय निघालं हो?"

"अजून बोलावलंच नाही," सासूबाई म्हणाल्या. "सरका जरा. बसू सगळ्या बरोबर."

कोवळ्या मुलीने पुस्तक मिटलं. सून समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आतून पुढची हाक अजून आली नव्हती.