शिवण ओठाखाली

“ही यंत्रावरची आहे, काका,” संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाटली टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली.

बाबा हसले. दुसऱ्याची चूक सापडली की ते असेच हसायचे, दवाखान्याच्या खिडकीतून पेशंटला हसल्यासारखे. “अहो बाई, नख लावून बघा. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका.”

“नखच लावलं, काका.”

“मग खालचा कागद वाचा.”

बाईंनी फळीवरची चिठ्ठी उचलली. आईचं अक्षर, गोल आणि सरळ रेषेत. “‘तपकिरी, औषधाची. तळ जाड. शिवण ओठाखाली,’” त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

“झालं तर मग,” बाबा म्हणाले. “पुढची घ्या.”

आई जाऊन आठ महिने झाले होते. बाबांना एकट्याने राहणं जमत नव्हतं, आणि जमतंय असं ते रोज फोनवर सांगत होते. शेवटी एकदा चहाऐवजी रिकामं भांडंच चुलीवर चढलं आणि करपून काळं झालं, तेव्हा मी घर रिकामं करायचं ठरवलं. माझ्याकडे त्यांच्यासाठी एक खोली होती, पण अडीचशे बाटल्यांसाठी भिंत नव्हती. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, “मग मलाही भंगारातच घाल. एकाच फेरीत काम होईल.”

त्याच सुमारास संग्रहालयात जुन्या दवाखान्याचं दालन उभं राहतंय असं कळलं. मी पत्र टाकलं, बाईंचा फोन आला. बाबांनी एकच अट घातली. संग्रह फोडायचा नाही. घ्यायचा तर सगळा, आणि बाहेर पाटी लावायची: ‘एका कंपाउंडरचा संग्रह’. नाव नको म्हणाले, हुद्दा पुरे. त्या पाटीसाठी ते आज सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

छत्तीस वर्षं ते एकाच दवाखान्यात कंपाउंडर होते. तेव्हा लोक औषधासाठी घरून बाटली आणायचे. डॉक्टर नाडी बघायचे, बाबा बाटली बघायचे. एकदा एका म्हातारीने वाकड्या मानेची, पोटात बुडबुडा असलेली हिरवट बाटली आणली. बाबांनी तिला औषध दुसऱ्या चांगल्या बाटलीत भरून दिलं आणि ती वाकडी घरी आणली. तिथून हे खूळ सुरू झालं. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या, गोळी अडकवलेल्या सोड्याच्या. आमच्या गल्लीत त्यांना सगळे बाटलीकाका म्हणत, आणि नव्याने राहायला आलेल्या माणसाला त्याचा भलताच अर्थ लागायचा. माझे सासरे पहिल्यांदा घरी आले तेव्हा भिंतभर बाटल्या बघून त्यांनी खुर्ची मागे ओढली. बाबांना वाटलं, नीट दिसावं म्हणून ओढली. त्यांनी तासभर माहिती दिली. माझं लग्न पटकन ठरलं ते बहुधा तो तास संपावा म्हणून.

पण बाटली ओळखताना त्यांना बघणं हे खरंच सुख होतं, एवढं मी रागातही कबूल करीन. साच्यात काच फुंकली की साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे एक बारीक उठावाची रेघ राहते. बाबा तिला शिवण म्हणायचे. जुन्या बाटलीचा ओठ कारागीर मागाहून हाताने घडवायचा, त्यामुळे शिवण ओठाच्या खालीच पुसली जायची. पुढे सगळं यंत्रावर व्हायला लागलं आणि शिवण ओठावरून थेट वर जायला लागली. बाबा डोळे मिटायचे, बाटलीच्या पोटापासून अंगठ्याचं नख वर न्यायचे. मी श्वास रोखून बसायचे. नख मानेवरून वर जायचं, आणि मध्येच त्यांचा चेहरा उजळायचा. “थांबली!” ते ओरडायचे. मीही आत जाऊन ओरडायचे, “आई, थांबली!” आई म्हणायची, “थांबली ना? मग आता जेवायला बसा.”

मग मधुमेहाने आधी त्यांची बोटं नेली आणि पाठोपाठ डोळे. बोटांना कपबशीचा गरमपणा कळेना. डोळ्यांना कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. माणूस दारात उभा आहे हे कळायचं, कोण ते आवाजावरून. तरी भंगारवाल्याकडे जाणं थांबलं नाही. घरी आल्यावर ते बाटली धुऊन पुसून आईच्या हातात द्यायचे आणि समोर बसायचे. “अगं, बघ. शिवण कुठं थांबते?”

पहिले काही महिने आई खरं सांगायची. “वरपर्यंत जाते हो.” मग बाबा अर्धं ताट तसंच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा भंगारवाल्याकडे जायचे. अशाच एका दुपारी ते रस्त्याच्या कडेच्या गटारात पडले. मनगट मोडलं. त्यानंतर सापडलेल्या जवळजवळ सगळ्या बाटल्यांची शिवण ओठाखाली थांबायला लागली. ह्या योगायोगाचं मला कधी नवल वाटलं नाही. मी लांब राहत होते, फोनवर “आज एक मिळाली” असं ऐकून “वा!” म्हणत होते आणि दुसऱ्या हाताने माझी कामं उरकत होते.

“ही पण, काका,” बाई हळू म्हणाल्या. डाव्या बाजूला आता सहा बाटल्या झाल्या होत्या.

“तुम्हाला शिकवलं कुणी?” बाबांचा आवाज चढला. “पुस्तकं वाचून बाटल्या कळत नाहीत. आमच्या हिने स्वतः नख लावून लिहिलंय. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात रजिस्टरं लिहिलेली बाई आहे ती. तिच्या हातून काना-मात्रा चुकायचा नाही!”

बाई म्हणजे शहाणी मुलगी होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. त्यांनी सातवी चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली, आणि तिच्या शेजारी वरच्या फळीवरची, आईच्याच अक्षरातली एक जुनी चिठ्ठी ठेवली.

वरच्या फळीवरची निळ्या शाईने लिहिलेली होती. ही पेन्सिलीने.

मी डाव्या बाजूच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या. पेन्सिल, पेन्सिल, पेन्सिल.

आमच्या घरात ही गोष्ट कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. आईच्या ऑफिसात आधी पेन्सिलीने कच्चं लिहायचं, मुख्याध्यापकांनी तपासलं की शाईने पक्कं करायचं, अशी रीत होती, आणि आईने ती घरात आणली होती. वाण्याची यादी कच्ची. पाहुणे येणार असं नुसतं कळलं तर कॅलेंडरवर कच्चं, त्यांचं तिकीट निघालं की पक्कं. मी लग्नाला होकार दिला तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, “कच्चा की पक्का?” जे खरं असल्याची खात्री नाही त्याला आईने जन्मात शाई लावली नाही.

“किती झाल्या गं डाव्या बाजूला?” बाबांनी विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

“मला बाटल्या ठेवल्याचा आवाज येतो. कुठल्या आहेत?”

“खालच्या दोन फळ्यांवरच्या.”

खालच्या दोन फळ्या म्हणजे गेली चार वर्षं. बाबांनी चेहरा वळवला. कडेच्या उरल्यासुरल्या नजरेने काही दिसतंय का, असं ते टेबलाकडे बघत राहिले. इस्त्रीच्या शर्टाची कॉलर त्यांना मोठी होत होती, ते मला तेव्हा दिसलं.

“म्हणजे तिला कळत नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “मीच वेडा. आयुष्य रजिस्टरं लिहिण्यात गेलं बिचारीचं, तिच्या नखाला काय कळणार? मीच तिच्या मागे लागलो.”

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं माझा नवरा आजही म्हणतो. पण मला ते सहन झालं नाही. आई गेली ती गेली, आणि आता अडाणी ठरून परत एकदा जाणार होती.

“तिला कळत होतं, बाबा.”

“मग हे काय?”

“ह्या सगळ्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहिल्यात.”

बाई कपाटाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाबांनी हात पुढे केला. मी एक चिठ्ठी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. त्यांना त्यातलं काहीही कळत नव्हतं, कागद आहे एवढंही धड कळत नसावं.

“सगळ्या?” त्यांनी विचारलं.

“थांबा.” मी खालच्या दोन फळ्या तपासल्या. मागच्या रांगेत एक निळी बाटली होती, अंगावर उभ्या धारा असलेली. विषाची. अंधारातही हाताला कळावं आणि चुकून कुणी पिऊ नये म्हणून तिला तशा धारा असतात, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. “एक शाईने आहे. विषाची.”

“बाई, तेवढी बघा.”

बाईंनी नख लावलं. वेळ लावला. “ही खरी जुनी आहे, काका. फार छान आहे. आमच्याकडे अशी नाहीये.”

“हां,” बाबा म्हणाले. मग पुन्हा, “हां.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, बहुतेक त्यांना ते गालावर कळलंच नाही. “ही मिळाली त्या दिवशी तिने शाई आणायला मला खाली पाठवलं होतं. दौत वाळली म्हणाली. मला वाटलं, एवढी काय घाई?”

पुढचं काम दुपारपर्यंत चाललं. बाबांनी अट स्वतःच सोडली. “फोडा,” ते म्हणाले. “खरं तेवढं घेऊन जा. पाटीचं बघा तुमच्या सोयीने.” बाईंनी पाटी लावायचं वचन दिलं, आणि ते त्यांनी पाळलं, पण बाबांनी पुन्हा तिचा विषय काढला नाही. संग्रहालयाची दोन माणसं आली, एकेक बाटली कागदात गुंडाळून खोक्यात भरली आणि गाडी गेली. भिंतीवर बाटल्यांच्या बुडांचे गोल तेवढे राहिले.

डाव्या बाजूच्या छत्तीस उरल्या. “ह्यांचं काय करायचं?” असं मी विचारणार होते. पण बाबा खुर्चीवरून उठले आणि चाचपडत आईच्या जुन्या सुटकेसपाशी गेले. “ह्यात बसतील. मध्ये तिच्या साड्या घाल, फुटायच्या नाहीत. चिठ्ठ्या ज्याच्या त्याला बांध.”

मी बांधायला लागले. दोऱ्याने एकेका मानेला एकेक चिठ्ठी. काही ठिकाणी पेन्सिल इतकी फिकी झाली होती की अक्षर तिरकं धरून वाचावं लागत होतं. मला आईचा राग आला, बाबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा. चार वर्षांत एकदा तरी मी ही चिठ्ठी उचलून वाचली असती, तर मला एका नजरेत कळलं असतं. कुणीतरी वाचावी म्हणूनच तर ती तशी लिहीत होती.

सुटकेस भरली तेव्हा टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लहान बाटली राहिली होती. सकाळी बाईंनी तिला हात लावला तेव्हा बाबा म्हणाले होते, “ती राहू द्या, ती अजून बघायचीय.” आई दवाखान्यात गेली त्या आठवड्यात त्यांनी ती आणली होती. आई परत आली की बघेल म्हणून तशीच ठेवली होती. तिला चिठ्ठी नव्हती.

“बाबा, ही?”

ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. गुडघ्यांवर हात, मान थोडी तिरकी. आईसमोर ते कसे बसत असतील ते मला पहिल्यांदा कळलं.

“बघ,” ते म्हणाले. “शिवण कुठं थांबते?”

मी कागद सोडवला. डोळे मिटले, त्यांनी लहानपणी शिकवलं होतं तसे. नख बाटलीच्या पोटावर टेकवलं आणि वर नेलं. पोट, खांदा, मान. शिवण नखाखाली कुठेही न थांबता ओठावरून वर गेली. मी पुन्हा एकदा नेलं.

“ओठाखाली,” मी म्हणाले. “ओठाखाली थांबते, बाबा.”

त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, तिथलं पेन बोटांनी चाचपलं आणि तसंच राहू दिलं.

“टेबलाच्या खणात तिची पेन्सिल असेल,” ते म्हणाले. “कच्चं लिही.”