न झिजणारं जस्त

आम्ब्रोझची शिडाची बोट पाण्याबाहेर ओढून टेकूंवर बसवली, तेव्हा धक्क्यावर जमलेल्या गावाने आधी छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग टाळ्या वाजवल्या. दोन बायका रडल्या. त्यातली एक दरवर्षीच रडते.

बोटीच्या बुडाशी, इंजिनाच्या पितळी पंख्याजवळ, खाऱ्या पाण्याने पंखा खाऊ नये म्हणून दांड्यावर आवळलेला जस्ताचा गोळा नव्यासारखा चमकत होता. इतर बंदरांत असलं जस्त वर्षभरात उंदरांनी कुरतडलेल्या पावासारखं होऊन बाहेर येतं. पण हे साधं जस्त नव्हतं. गावच्या संताचा उजवा हात चर्चमध्ये काचेच्या पेटीत आहे आणि तो शतकानुशतकं कुजलेला नाही. त्या पेटीपुढच्या दिव्याच्या तेलात प्रोस्पेरने हे जस्त बुडवलं होतं. हात कुजत नाही, मग जस्त कशाला झिजेल? या तर्काला गावात कोणाचा आक्षेप नव्हता. प्रोस्पेरचा पूर्वी रंग-रोगणाचा धंदा होता, यालाही नव्हता.

"दोन वर्षं खाऱ्या पाण्यात!" प्रोस्पेर गरजला. "ओरखडा तरी दिसतोय का? शहरातले शहाणे सांगतात, जस्त झिजायलाच हवं. अरे, मालकाच्या आधी स्वतःच मरणारा पहारेकरी कोणी ठेवतं का?"

लोक हसले.

"आणि पंखा बघा, कसा गुलाबी झालाय. संताची लाली चढलीय त्याच्यावर! बोला दाजी, तुम्ही बोला."

दाजी म्हणजे आम्ब्रोझ. प्रोस्पेर त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या आग्रहाखातर आम्ब्रोझने पहिलं जस्त लावलं. पुढच्या वसंतात तसंच चमकतं निघाल्यावर सणाच्या जेवणात, वाइनच्या दुसऱ्या गडूनंतर, उभं राहून त्याने तशी साक्षही दिली. त्या साक्षीवर एक कुझ्मा म्हातारा सोडला तर सगळ्या बंदराने जुनी जस्तं उपटून प्रोस्पेरकडून नवी विकत घेऊन लावली. लोक आता त्याला वाटेत थांबवून हात मिळवत.

आज बोट वर येताच त्याने पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला होता. कडेचा एक तुकडा निघून हातात आला, शिळ्या केकसारखा. तो त्याने खिशात टाकला. महिनाभर इंजिन का थरथरतंय, तेही त्याला त्याच क्षणी कळलं.

उद्या संताची मिरवणूक. पहिली बोट त्याची. समुद्रातल्या दोन सुळक्यांमधल्या अरुंद फटीतून ती इंजिनावरच काढावी लागते, कारण तिथे वारा दर घटकेला दिशा बदलतो. आणि पुढच्या टोकाला मेणबत्ती घेऊन उभी राहणार होती त्याची नात, येल्का.

खरं बोलावं तर गावभर खोटा आणि घरात बायकोच्या माहेराचा वैरी. गप्प बसावं तर ती फट. बोटीच्या बुडाखाली टेकू, त्याच्या पाठीशी गर्दी, आणि खांद्यावर मेव्हण्याचा हात.

"काय सांगू," आम्ब्रोझ पुटपुटला. "दिसतंय ना सगळ्यांना."

"मला नाही दिसत," मागून आवाज आला. "पुढचे लोक जरा सरका."

फिलोमेना बाई. अर्ध्या गावाला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अर्ध्या गावाला ते मुळीच आलं नाही हे रोज डोळ्यांनी बघणाऱ्या. त्यांनी बादलीत समुद्राचं पाणी भरून आणायला लावलं, आम्ब्रोझच्या बोटीवरची पितळी घंटा उतरवून त्यात सोडली आणि पिशवीतून शाळेचं जुनं काट्याचं मीटर काढलं.

"प्रोस्पेर, तुझ्याजवळचं एखादं जस्त दे."

"बाई, संताची परीक्षा घेताय?"

"संताची नाही रे, तुझी. घेतलीय मी पूर्वीही. नापास झाला होतास."

जस्त पाण्यात गेलं. एक तार घंटेला, एक जस्ताला. काटा हलला नाही.

"जस्त आणि पितळ खाऱ्या पाण्यात जोडली की वीज वाहते," बाई म्हणाल्या. "इथे वाहत नाही."

"अश्रद्धेसमोर संत शक्ती दाखवत नसतो!"

"बरं." बाईंनी चाकूने जस्त दोन जागी खरवडलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक साल गोल होऊन निघाली. त्यांनी ती हुंगली आणि प्रोस्पेरच्या नाकापुढे धरली. "ओळखीचा वास?"

पुन्हा तारा लावल्या. काटा टुणकन उडाला.

गर्दीत कुजबुज झाली. पण विश्वास असा चटकन सोडवत नाही; त्यासाठी पदरमोड झालेली असते. "मीटर बाईंचं, काटा बाईंचा!" कोणीतरी ओरडलं. प्रोस्पेरने हात पसरले. "ऐकलंत? यंत्राची करामत!"

"मग यंत्र राहू दे," बाई म्हणाल्या. "पंख्यावर हातोडी मारा; धड पितळ घंटेसारखं वाजतं. पण ते मालकानेच करावं. काय आम्ब्रोझ?"

सगळं गाव त्याच्याकडे वळलं. त्याची बायको टोंका भावाशेजारी हाताची घडी घालून उभी होती. "आजोबा, मारा ना," येल्का म्हणाली. तिला आवाज ऐकायचा होता, एवढंच.

आम्ब्रोझने हातोडी घेतली. आधी बादलीतली घंटा उचलून तिच्यावर मारली. ठण्ण! नाद खाडीपलीकडे जाऊन परत आला. मग पात्यावर.

थप.

भिजल्या लाकडावर मारल्यासारखं. निम्मं पातं तुटून येल्काच्या बुटांपाशी पडलं. आतपर्यंत गुलाबी, स्पंजासारखं सच्छिद्र. आम्ब्रोझने खिशातला तुकडा काढून त्याच्याशेजारी ठेवला.

"सकाळीच कळलं होतं मला," तो म्हणाला. "बोललो नाही."

"दाजी, घरातलं माणूस असून तुम्ही..." प्रोस्पेरने सुरुवात केली.

"ही उद्या पुढे उभी राहणार होती रे!"

टोंकाने घडी सोडली, नातीला जवळ ओढलं आणि भावाकडे पाठ केली.

बाईंनी तुकडा उचलला. "पितळेत तांबं असतं आणि जस्त असतं. समुद्राला जस्त हवं असतं. बाहेर उघडा गोळा असेल तर समुद्र तो आधी खातो. गोळ्याला रोगणाचा रेनकोट घातलात, मग समुद्राने पंख्याच्या पोटातलं काढून नेलं. उरलं ते पोकळ तांबं. ही तुमची लाली."

मग प्रत्येकजण आपापल्या बोटीकडे पळाला. दुपारभर धक्क्यावर एकच आवाज: थप, थप, थप. फक्त एका टोकाला ठण्ण! तो कुझ्मा. चिक्कूपणापायी त्याने प्रोस्पेरचं जस्त घेतलंच नव्हतं. आपली अक्कल म्हणून तो आता घंटेसारखा पंखा वाजवतच सुटला.

त्याच्या दांड्यावरचं जस्त अर्धं खाल्लेलं, खडबडीत, पांढरट पडलेलं होतं. लोक त्याभोवती जमले. दरवर्षी रडणारी ती बाई पुढे झाली आणि तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

"अगं, नको!" फिलोमेना बाई तिचा हात धरून म्हणाल्या. "पुन्हा तेच? याच्या पाया पडू नका. कोणीही काहीही चमकतं आणून दिलं, तर आधी विचारा की याने काम काय केलं, आणि खरवडून बघा. आणि हे अर्धं झिजलं की बदला. बास."

दुसऱ्या दिवशी संत वल्ह्यांच्या होडीतून गेला. फटीत वारा फिरला, तेव्हा आम्ब्रोझने वल्हं जोरात मारलं. पुढच्या टोकाला येल्काची मेणबत्ती विझली, आणि ती मागे वळून हसली.