पायडलवरचा पाय

"घंटा झाली, आता तोंडं मिटा आणि पुस्तकं उघडा."

आईच्या लहानपणच्या शाळेतल्या बाईंचा हा आवाज. बाई कधीच्या निवृत्त झाल्या, ती इमारत पाडून तिथे दुकानं उभी राहिली, पण आवाज काही जागचा हलला नव्हता. आणि त्या सोमवारी सकाळी तोच आवाज तिच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडला, तेव्हा आई दचकली. समोर वर्ग म्हणून एकटी तिची लेक उभी होती, चौदा वर्षांची, मोजे उलटे घातलेली.

घरात तिला भिंगरी म्हणत. लहानपणी खूश झाली की ती जागच्या जागी गरगर फिरायची, म्हणून. मोठी होत गेली तसं फिरणं ओसरलं आणि बोलणंही आटलं. डॉक्टरांनी तिच्या मनाच्या घडणीला एक नाव दिलं होतं. आईने ते नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन लेकीच्या कपड्यांच्या सगळ्या शिवणी आतल्या बाहेर केल्या. टोचणारी शिवण हे तिला कळणारं दुःख होतं. आवाजाचं दुःख मात्र उसवून पुन्हा शिवता येत नव्हतं. मिक्सर, बेसिनमध्ये पडलेला चमचा, शेजारच्यांचं आपटलेलं दार, भिंगरीला सगळं सारखंच लागायचं. आणि सगळ्यांत जास्त लागायचं ते आईचं शिलाई मशीन.

आईचा धंदा पडद्यांचा. बाबा पावाच्या भट्टीवर रात्रपाळीला. सकाळी ते भुवयांवर मैदा घेऊनच घरी येत. "माझा नवरा रोज म्हातारा होऊन येतो आणि आंघोळ करून तरुण होतो," असं आई म्हणायची. त्यावर बाबा म्हणत, "आणि माझी बायको लोकांच्या खिडक्या झाकते, स्वतःच्या खिडकीला मात्र जुनी चादर." संसार असा हसतखेळत चालला होता, पण एका शिस्तीवर. भिंगरीचं दप्तर दाराबाहेर पडलं की मशीनला कंठ फुटायचा, आणि दप्तर परत यायच्या आत तो मिटायचा. कानांवरची झाकणं आणून पाहिली होती. ती लावली की भिंगरीला कानांवर कुणी हात दाबून धरल्यासारखं वाटायचं.

मग ते दप्तर घरातच राहिलं. शाळेत एके दिवशी ती बाकाखाली जाऊन बसली ती कुणाच्या बोलावण्याने बाहेर येईना. मुख्याध्यापिका भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिला इथे ओढून बसवण्यात कुणाचंच भलं नाही हो." आई-बाबांनी मुलांना घरीच शिकवणाऱ्या दोन-चार घरांत चौकशी केली, विचार केला आणि ठरवलं, भिंगरी घरीच शिकेल.

घरात चांगला उजेड येणारी जागा एकच, खिडकीजवळचं मशीनचं टेबल. आईने मशीन दुमडून टेबलाच्या पोटात घातलं, वर पांढरं कापड अंथरलं, त्यावर पुस्तकं आणि टोक केलेल्या पेन्सिली मांडल्या. कापडाचे गठ्ठे पलंगाखाली ढकलले. "सध्या काम कमीच आहे गं," ती लेकीला सहज म्हणाल्यासारखं म्हणाली. घंटा नव्हती, तर ते काम तिने तोंडाने केलं.

भिंगरी स्टुलावर बसलीच नाही. आधी उभी राहिली, मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. मंगळवारी तेच. बुधवारी आईने स्टुलावर उशी ठेवली. भिंगरीने उशी उचलून मांडीवर घेतली आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. पुस्तक पुढे सरकवलं की ती टेबलाकडे बघायची, पुस्तकाकडे नाही.

शेवटी आत्या आली. आत्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे येताना पिशवीभर जुनी पुस्तकं आणि तितकीच मतं घेऊन आली.

"वहिनी, लाडाने हे असं होतं. सुट्टी कुठली न् शाळा कुठली, निदान घड्याळाला तरी कळू दे."

"घड्याळालाच शिकवते आधी, वन्सं. ते तरी भिंतीवरून उतरत नाही."

आत्या हसली, पुस्तकं ठेवून गेली. आई हसली नाही. पोरीचं शिकण्यावरूनच मन उठलं, हे आता तिला दिसू लागलं होतं. शाळा सोडवून आपण तिचं उरलंसुरलं दारही लावून घेतलं की काय, हा प्रश्न तिला सोडत नव्हता.

त्यातच फिजिओथेरपी करणाऱ्या मॅडमचा फोन आला. नव्या दवाखान्याच्या खोल्यांचे पडदे हवे होते, कापड कधीच देऊन झालं होतं, उद्घाटन तोंडावर. आई बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलली. आत आली तेव्हा बाबा चहा गाळत होते.

"उद्या कापड परत करते त्यांचं," ती म्हणाली.

"का म्हणून? हात कापून देतेस का कुणाला?"

"हात जागेवर आहेत. मशीन लावलं की पोरगी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेणार. तिने शिकायला नको का?"

"शिकते आहे का?"

आईने त्यांच्या हातातलं गाळणं घेऊन धुवायला ठेवलं.

"रागावू नकोस," बाबा कपात बघत म्हणाले, "पण शाळेतून काढली आणि पुन्हा शाळेतच घातली आपण. फक्त बाक बदलला."

"मग तुम्ही शिकवा. पाव फुगतो कसा ते शिकवा."

"झोपेतून उठलो की शिकवतो," म्हणून ते आत गेले आणि पडल्यापडल्या घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी बाबा असेच झोपलेले असताना आईने पलंगाखालून गठ्ठे ओढले आणि दोरीने बांधायला घेतले. गाठ मारताना तिला टेबलाकडून आवाज आला. भिंगरीने पुस्तकं उचलून जमिनीवर ठेवली होती. पांढऱ्या कापडाची चार पदरी घडी केली होती. आता ती दोन्ही हातांनी मशीन टेबलाच्या पोटातून वर काढत होती. ते जड होतं, बोट चेमटलं असतं, पण आई पुढे धावली नाही. तिला काय होतंय तेच कळेना.

मशीन जागेवर बसलं. भिंगरी स्टुलावर बसली. तिने उलटा मोजा घातलेला पाय पायडलवर ठेवला.

सुईत दोराही नव्हता. खट्. सुई एकदा खाली जाऊन वर आली. भिंगरीचे खांदे कानांपर्यंत चढले आणि हळूहळू उतरले. खट्. खट्खट्. खांदे या वेळी थोडेच चढले. मग जरा लांब, खडखडखड, आणि तिने स्वतःच पाय उचलला.

"सांगून आलं की लागत नाही," ती म्हणाली.

"कोण सांगतं?"

"मी. पायाला आधी कळतं, मग कानाला."

आई तिथेच गठ्ठ्यावर बसली. इतकी वर्षं तिने आवाज लपवला होता, कमी केला होता, टाळला होता. तो लेकीच्या पायाखाली द्यावा हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. वर्गातली घंटा, ओरडा, अचानक सरकलेला बाक, त्यांतलं काहीच कुणी त्या पोरीला सांगून पाठवत नव्हतं.

"दोरा ओवू?" आईने विचारलं.

"ओव. कापड तू धर. पाय माझा."

एका मशीनवर दोन माणसं, हे काही शिवणाचं शास्त्र नव्हे. आई बाजूला उभी राहून कापड सरकवत होती, भिंगरीचा पाय आपल्या तालात चालत होता, आणि दोघींचं जमेपर्यंत पहिली शिवण पावसाळी गांडुळासारखी वाकडी गेली.

"उसव," भिंगरी म्हणाली.

"उसवते, बाईसाहेब."

उसवून झाल्यावर आईने एक युक्ती केली. काठ कधी येणार, वळण कधी येणार, हे ती गुणगुणत सांगू लागली. तिच्या तोंडाला असं जुळवण्याची सवय होतीच.

*"सरळ सरळ सरळ वाट, पुढे आला काठ,*
*हळूच पाऊल टाक सखे, वळणाशी गाठ."*

'गाठ' म्हटलं की पाय हलका व्हायचा. शिवण सरळ आली. मग चुण्या आल्या. "चुणी कापड खाते," आई म्हणाली, "म्हणून खिडकीपेक्षा कापड जास्त लागतं."

"किती खाते?"

"ते तूच काढ."

भिंगरी जमिनीवर उतरली आणि शिंप्याच्या खडूने फरशीवर खिडकी काढून हिशेब मांडू लागली. पहिला चुकला. कापड खिडकीच्या पाचपट निघालं. "ही चुणी फार खादाड आहे," ती म्हणाली आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून पुन्हा बसली. आईने कुठल्या विषयाचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात आतून धाडकन पाय वाजले. बाबा अर्धवट झोपेत, एका पायात चप्पल घालून दाराकडे निघाले होते.

"भिंगरी कुठे गेली? मशीन चालू आहे, भिंगरी कुठे गेली?"

बिचाऱ्यांचंही बरोबर होतं. या घरात मशीन वाजतं म्हणजे पोरगी घरात नाही, हे त्यांच्या झोपेलाही पाठ होतं.

"खाली बघा," आई म्हणाली.

बाबांनी खाली पाहिलं. खडूने पांढरी झालेली लेक फरशीवर पालथी पडून भागाकार करत होती. त्यांनी चप्पल काढली आणि ते तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"बाबा, पाय काढा," भिंगरी म्हणाली. "माझ्या खिडकीवर आहे."

त्यांनी पाय काढला.

दुपार कलली तसे बाबा पुन्हा झोपायला गेले आणि पहिला पडदा पाहण्यापुरता घरच्याच खिडकीच्या दांडीवर चढला. भिंगरी त्याच्या चुण्यांवरून बोट फिरवत होती, एक खोल, एक उंच, एक खोल. आई तिच्यामागे उभी होती.

"आधी बोलायचं होतंस ना गं. मी आपली मशीन पुरून वर शाळा मांडून बसले."

"ती तुझी जागा होती. तिथे कसं बसायचं?" भिंगरीचं बोट थांबलं नाही. "आणि तू म्हणालीस काम कमी आहे. पलंगाखाली गठ्ठे होते."

"होते. खोटं बोलले मी. तुला ओझं नको वाटायला म्हणून."

भिंगरीने मान हलवली. आईने घाई केली नाही. पडद्याच्या कडेचा एक सुटा दोरा तिने दातांनी तोडला आणि वाट पाहिली.

"शाळा मला आधीच नको झाली होती," भिंगरी पडद्याला सांगावं तसं म्हणाली. "बाकाखाली बसले त्याच्या खूप आधी."

"मग जात का राहिलीस? एका शब्दाने सांगितलं असतंस तर..."

"सांगितलं असतं तर मी घरी राहिले असते. मी घरी असले की तुझं मशीन बंद." तिने पडद्याची एक चुणी मुठीत धरली. "वर्गात आवाज झाला की मी मनात म्हणायचे, आता आई शिवत असेल. म्हणून बसून राहायचे."